लाख भरलेले गोट

मंगलाबाई गजभिये हातात दागिना आला की आधी तो हुंगतात. लिंबू चोळलं होतं, दात घासायची पेस्ट लावली होती की भांड्यांच्या राखेनेच उरकलं होतं, हे त्यांना वासावरून कळतं. मग त्या तो उत्तरेच्या खिडकीपाशी नेतात आणि उजेडात तिरपा धरतात.

चिखला हे मँगनीजचं गाव. मंगलाबाईंचे पती तेजराम तीस वर्षं भूमिगत खाणीत उतरले. ट्रकांमागे उडणारी काळी धूळ इथे भिंतीवर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते आणि पैंजणाच्या घुंगरांतही शिरते. मंगलाबाईंच्या मते चांदीवरचं काळं तीन जातीचं असतं. खाणीचं काळं रिठ्याच्या पाण्यात सुटतं. घामाचं आणि हवेचं काळं चांदीला धरून बसतं. त्याला खडूची वस्त्रगाळ भुकटी आणि जुनं लुगडं लागतं. तिसरं काळं कारागिराने नक्षीच्या खाचेत मुद्दाम ठेवलेलं असतं. ते खरवडलं की वेल आणि पानं सपाट होऊन जातात. "तो मळ नोहोय, बाई," त्या गिऱ्हाइकाला सांगतात, "ते काजळ होय."

या भागात धान घरोघर. त्यामुळे धानाच्या तुसाची राखही घरोघर, आणि पाण्याचा पितळी गुंड त्या राखेने लख्ख होतो म्हणून बायका चांदीवरही तीच फिरवतात. ती राख चांदीला ओरबाडते. जोडवी पाहून मंगलाबाई सांगतात, तुमच्या घरी चुलीत तूस जाळता ना? बाई चपापते. एकदा एकीने विचारलं होतं, "तुमाले कोनं सांगतलं जी?" मंगलाबाई म्हणाल्या, "तुह्या पायानं सांगतलं."

हे काम त्या तुमसरात शिकल्या. भोजराज नावाच्या म्हाताऱ्या चांदी-कारागिराच्या खोलीत त्या झाडलोटीला होत्या. तिथला केरही फेकायचा नसे, त्यात चांदीचे कण असत. भोजराजांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी बाईंच्या हाती ब्रश दिला. विस्तवापाशी मात्र चार वर्षं बसू दिलं नाही. पुढे चिखल्यात मंगलाबाईंनी स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा काही घरच्या बाया दागिना हातात न देता ओट्यावर ठेवत. मंगलाबाई तो ओट्यावरून उचलत नसत. "हातात देसान तं करीन," एवढंच म्हणत. आता मोहाडी तालुक्यातूनही लोक येतात आणि हातात देतात.

गेल्या वर्षी माघात आंधळगावची हर्षा स्कूटीवरून आली. लग्नाला दोन वर्षं झालेली. रुमालात सासूबाईंचे दोन चांदीचे गोट होते. सासू बेबीबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या होत्या आणि दवाखान्याने अंगावरचे दागिने घरी ठेवायला सांगितले होते. लग्नात घातलेले गोट चाळीस वर्षांनी पहिल्यांदाच हातातून निघाले, तेही साबण लावून, दोघींनी ओढून. सासू परत येईपर्यंत ते चमकवून ठेवावेत, असं हर्षाच्या मनात आलं. तिने मोबाइलवर पाहिलं: भांड्यात ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद, मीठ, सोडा आणि उकळतं पाणी.

"मंग?" मंगलाबाईंनी विचारलं.

"पाणी लाल झालं, मावशी. रक्तावानी. मी घाबरली. पुसाले गेली तं हा एक दबला."

मंगलाबाईंनी गोट हुंगला, कानाशी धरून नखाने टिचकी मारली. टण्ण आवाज आला. गोट पोकळ होता. जुने कारागीर पातळ पत्र्याचा पोकळ गोट करून आत लाख भरत. पळसावरची ही लाल लाख चांदीला आतून आधार देते. गरम पाण्यात ती मऊ पडते आणि सोड्यात विरघळते. दोन्ही गोट रिकामे झाले होते, एकाला बाहेरून खळगा पडला होता. असा गोट हातात घालून बाई दोन दिवस घरकाम करील, तर तो चेपून जाईल.

"आई परवा येते," हर्षा म्हणाली. "परवापर्यंत भरून द्या ना. तिले सांगाचं नाही."

"सांगाचं."

"मावशी, ती मले जन्मभर बोलन."

"बोलन तं बोलन. गोट तिचे हायत. जिच्या हातातले हायत, तिच्या तोंडून आयकल्याबिगर मी इस्तव पेटवत नाही."

हा नियम मंगलाबाईंनी कधी मोडलेला नाही. सून, लेक, नवरा, कुणीही दागिना आणला तरी धुऊन देतात. पण उघडायचा, तापवायचा असला तर मालकिणीचा होकार लागतो. हर्षाने तिथेच बसून, दोनदा नंबर लावून लगेच कापला आणि तिसऱ्यांदा फोन लावला. झालं ते सगळं तिने सांगितलं. पलीकडून बेबीबाई म्हणाल्या, "त्या बाईले सांग, मी येतो तोवर हात नोको लावू." आणि फोन बंद.

चौथ्या दिवशी ऑटोतून दोघी आल्या. बेबीबाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. वाटेत त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, हे ऑटोवाल्याने तेजरामना हळूच सांगितलं. बेबीबाई खिडकीशेजारी बसल्या. "मले साफ दिसत नाही आता," त्या म्हणाल्या. "पन मी इथंच बसतो."

मंगलाबाईंनी लाखेत राळ आणि विटेची भुकटी मिसळून, गरम असतानाच तिच्या वातीसारख्या कांड्या वळल्या. गोटाच्या आतल्या बाजूला दोन बारीक भोकं होती: एकातून लाख जाते, दुसऱ्यातून हवा निघते. घमेल्यातल्या निखाऱ्यांवर त्यांनी गोट चिमट्याने फिरवत ठेवला. चांदी किती तापली हे त्या गालाजवळ धरून पाहत. जास्त तापली तर लाख जळते, कमी तापली तर मधेच अडते. कांडी आत सरकवायची, गोट फिरवायचा, पुन्हा सरकवायची. तासाभराने दोन्ही भोकांतून लाखेचा थेंब वर आला. दुसऱ्या गोटालाही तेवढाच वेळ लागला. गार झाल्यावर त्यांनी रिठ्याच्या पाण्यात ते धुतले, खडू फिरवला, खाचेतलं काळं तसंच राहू दिलं.

बेबीबाईंनी हात पुढे केला. त्यांनी गोट बोटांनी चाचपले, खळग्यावर अंगठा थांबला. हर्षाने मान खाली घातली.

"हा राह्यला," बेबीबाई म्हणाल्या.

"तो जात नाही," मंगलाबाई म्हणाल्या. "पन तुमी ते पाहू नोका. हे आयका." त्यांनी पहिला गोट दगडी पाट्यावर टेकवून टिचकी मारली. ठक. दुसरा, खळगा पडलेला, फिरवत फिरवत वाजवला. ठक, ठक, ठक. आणि खळग्याच्या जरा पुढे, ठण. "इथं हवा राह्यली. लाख खळग्याले अडली, मांगं पोकळ राह्यली. चूक माही हाय, उलट्या भोकातून भराले पायजे होती."

बेबीबाईंनी कान दिला. "मले तं काही फरक नाही समजला. चालन जी. ऑटोवाला खोळंबला."

"आज चालन. उद्या हात चुलीच्या कडेले लागन अन् तेवढीच जागा बसन."

"माह्या हाताची मले काळजी नाही, तुमाले काहून?"

"हाताची नाही, बाई. गोटाची करून राहिलो."

बेबीबाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. "जाय व हर्षा," त्या सुनेला म्हणाल्या, "ऑटोवाल्याले म्हन, तू जाय. आमी शेवटच्या एसटीनं येतो." त्या फोननंतर सुनेशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मंगलाबाईंनी त्या गोटातली सगळी लाख पुन्हा तापवून काढली. नव्या कांड्या वळल्या आणि या वेळी उलट्या भोकातून भरल्या. निखारे विझू नयेत म्हणून हर्षा पंखा घालत बसली. गोट गार झाला तेव्हा खिडकीतला उजेड कमी होत आला होता. मंगलाबाईंनी पुन्हा चहूकडून टिचकी मारली. मग गोट बेबीबाईंच्या कानाशी धरून त्यांच्याच नखाने वाजवायला लावला. सगळीकडे ठक.

गोट हातात चढवायला हर्षा पुढे झाली. तिने सासूच्या हाताला तेल चोळलं, बोटं एकत्र दाबली आणि गोट अंगठ्याच्या हाडापर्यंत आणला. तिथे तो अडला. तिने जोर लावला.

"हळू व!" बेबीबाई ओरडल्या. "हात हाय तो, पाइप नोहोय. का गोटावानी हात बी उकळून काढतं?"

हर्षा हसू दाबत म्हणाली, "नाही, आई," आणि गोट हाडावरून सरकला.