साडूंचे सात कोटी

काल्हेरच्या यच्चयावत गोदामांत मिळून नसेल इतका निरुपयोगी माल एकट्या माझ्या थोरल्या साडूंच्या डोक्यात होता, आणि तोही एकाच आकड्याचा: सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. वडिलांच्या शेतावर गोदामं उभी राहिल्यापासून या गृहस्थांना पोटासाठी बोट हलवावं लागलं नव्हतं, त्यामुळे दिवसभर ओटीवर बसून ते या आकड्याचे गोडवे गात. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. शेवटचा अंक खोडा, उरते तीही मूळ. पुन्हा खोडा, पुन्हा मूळ. खोडत खोडत सातापर्यंत आलात तरी तेच, आणि असली याहून मोठी संख्या नाहीच. धामणकर नाक्याहून निघालेल्या शेअर रिक्षात त्यांनी हे शेजारच्या यंत्रमागवाल्याला हिंदीतून समजावायला घेतलं, तर तो बिचारा मधेच उतरून चालत गेला. पुतण्याच्या हळदीत त्यांनी डीजे थांबवून माईक हातात घेतला होता. लोक जेवणाच्या पंगतीकडे पांगले. साडूंना वाटलं, विचार करायला गेले.

त्यांची मुलगी निशा हिला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी मात्र त्यांनी कमाल केली. मुलगा इंजिनीयर. पोहे यायच्या आत साडूंनी त्याला आकडा सांगून विचारलं, याला कशानं भाग जातो? पोरगा घाबरून म्हणाला, तीननं.

"अंकांची बेरीज अडतीस. तीननं कसा जाईल? इंजिनीयर हाय ना तू?"

मुलाच्या बापाने पोहे तसेच ठेवले आणि मंडळी उठली. ताई, म्हणजे माझी मेहुणी, स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. साडू मला समजावत होते की, माणसं कच्ची निघाली.

निशा रडली नाही. ती बापासमोर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, मी काय काम करते, सांगा बघू."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. "गोडाऊनला हाय ना कायतरी," ते म्हणाले. पूर्ण्याच्या एका गोदामातून रोज सुटणारा प्रत्येक ट्रक तिच्या हुकमाने सुटत होता. ती उठून ड्युटीवर गेली.

पुढे तिने स्वतःच मुलगा निवडला आणि लग्न करून नाशिकला, तिथल्या एका गोदामात त्याच कामावर गेली. साडूंनी तिच्या त्या प्रश्नानंतर आकड्याचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी ते तिला फोन करतात आणि आज कुठे माल पाठवलास, ते विचारून घेतात. आम्ही सगळे सुटलो.

परवा त्यांच्याकडे जाताना मी सवयीने कंटाळण्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग आम्ही दोघे बराच वेळ रस्त्यावरचे ट्रक बघत बसलो. कंटाळायला काही उरलंच नव्हतं.