मोबाईलमधलं माझं बोलणं

धाकट्या दिरांचा मोबाईल विहिरीत पडला आणि त्यातले सगळे नंबर गेले. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाचा मोबाईल संगणकाला जोडून आतलं सगळं तिथे उतरवून ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं. माझ्या नवऱ्याचा झाला, जावेचा झाला. मग एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, ‘‘वयनी, तुजो मोबायल हाड मगे.’’

माझे हात पिठाचे होते. मोबाईल आणण्याआधी ते धुवायला मी फार वेळ लावला.

आमचं पठारावरचं भाट, म्हणजे काजूची बाग, विकायचं ठरलं होतं; व्यवहार दीर बघत होते. मोप्याला विमानतळ येणार म्हणून भाव चढले होते; गिऱ्हाईक घरी जेवूनही गेलं होतं. आमच्या गोव्यात नवऱ्याने जमीन विकायची तर बायकोचीही सही लागते. मला कुणी विचारलं नाही, पेडण्याला नोंदणी कचेरीत कुठल्या दिवशी यायचं तेवढं सांगितलं. मला सही करायची नव्हती. भाट गेलं असतं तर एकटीने जाऊन बसावं अशी जागा मला उरली नसती. पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून भाटात काजूची बोंडं वेचायला गेले की मोबाईलमधलं माईकचं चित्र दाबून मी बोलायचा सराव करायची, तोही शाळेतल्या मराठीत. तसं बोलले तर ऐकतील असं वाटायचं. बोलायची, ऐकायची, पुन्हा बोलायची. पुसायचं कसं ते येत नव्हतं. आत सगळं इंग्रजी.

दिरांनी सीडी घालून सॉफ्टवेअर बसवलं. मी भिंतीला टेकून उभी. वायर जोडली, तर संगणकाला माझा मोबाईल सापडेना. ‘‘जुनो डबो,’’ ते पुटपुटले. मी मनात देवाला म्हटलं, सापडू देऊ नको. त्यांनी वायर काढून पुन्हा लावली. या वेळी मोबाईलवर काहीतरी विचारणा आली, खाली दोन शब्द. दीर म्हणाले, डावं बटण दाब. मी उजवं दाबलं. सगळं बंद झालं. ते हसले, पुन्हा जोडणी केली आणि डावं बटण स्वतःच दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी भरत चालली. आधी नंबर आले, मग चवथीच्या गणपतीचे फोटो. फोटो बघायला जाव आली. आत गाणीही आहेत वाटतं, असं म्हणून दिरांनी एकावर टिचकी मारली.

आधी नुसता वारा. मग मी.

‘‘भावोजी, रागावू नका. मी सही करणार नाही.’’

त्यांनी दुसरं लावलं. तेच, जास्त घोगरं. तिसऱ्यात फक्त ‘भावोजी’ आणि माझा श्वास. जावेने तोंडाला पदर लावला. बाहेर सोप्यावर बसलेला माझा नवरा उठून दारात आला.

दीर माझ्याकडे वळले. ‘‘हें माका सांगतय?’’

नाही म्हणावं, थट्टा होती म्हणावं, असं वाटलं. पण मान ‘हो’ अशी हलली.

‘‘मगीर तोंडान सांग.’’

मी सांगितलं. मोबाईलमधल्यापेक्षा वाईट सांगितलं, अर्धं तर रडण्यातच गेलं. नवरा एवढंच म्हणाला, ‘‘आयकलें.’’ राग होता की काय, ते त्याच्या तोंडावरून कळेना. मी दोन्ही भावांच्या मधून कशीबशी निघून चुलीपाशी आले.

पेडण्याला जायच्या दिवशी गाडी फाटकाशी उभी राहिली. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी घरच्याच लुगड्यात. त्याने माझ्या लुगड्याकडे बघितलं, मग तो बाहेर जाऊन दिरांशी काहीतरी बोलला, परत आला आणि शर्टाच्या गुंड्या काढू लागला. गाडी रिकामीच परत गेली.

दीर आता मला हाक मारत नाहीत. सही पुन्हा मागतील, हे मला ठाऊक आहे. रस्त्यावर एखादी गाडी हळू झाली की ती पुढे जाईपर्यंत मी तेच वाक्य मनात म्हणत उभी राहते.