वाचणारी पोरगी आणि अर्थ सांगणारा बाप

मी तिसरी शिकलो. चौथीत नाव होतं, पण गेलो नाही. तरी उदगीरकडच्या आमच्या गावात पोथीचा अर्थ मीच सांगायचो. दिवेलागणीला महादेवाच्या देवळात एक जण वाचायचा, ओवी झाली की थांबायचा आणि मग मी बोलायचो. वाचणारा अडखळला तर लोक हसायचे. अर्थ सांगणाऱ्याला कोणी हसत नसतं.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पुढं पावसानं ओढ दिली. वाचणारा हैदराबादला कामाला गेला. पोथी फडक्यात बांधली गेली. माणसं देवळात यायची, पाण्याचं बोलायची, उठून जायची.

माझी पोरगी तेव्हा सहावीत. वाचायला चटपटीत, पण धड्यापलीकडं हाती काही नव्हतं. नव्या जिल्ह्याकडून शाळेला गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आली होती. गुरुजींनी पेटीला कुलूप घातलेलं. मी गेलो.

"फाटली तर जाब मला द्यावा लागतो," गुरुजी म्हणाले.

"अन् न वाचता वाळवी लागली तर?"

"तुमच्या नादी कोण लागावं!" म्हणत त्यांनी कुलूप काढलं.

एक पुस्तक घेऊन मी बैठक पुन्हा बसवली. पोरगी वाचणार, अर्थ मी सांगणार.

गोष्ट अशी होती. एका माणसानं वैरण नाही म्हणून म्हैस विकली. ती दावं तोडून परत आली. इथवर वाचून पोरीनं दम घेतला. मी लगेच म्हणालो, "म्हंजे काय, जितराब घर विसरत नसतं. आपण होऊन आली, देवानंच धाडली. आता ती त्याचीच."

लोकांनी माना डोलावल्या. त्या साली अर्ध्या गावानं जनावरांना बाजार दाखवला होता. शेजाऱ्यानं बैल विकला होता. त्यानं डोळे पुसले.

"अप्पा, तसं न्हाई," पोरगी म्हणाली. "त्याचं पोरगं म्हैस परत नेऊन देतंय. विकलेली हाय ना."

"तुला काय ठाऊक?"

"पुढचं वाचलंय मी. तुम्ही पुस्तक आणलं तेव्हाच."

"घ्या!" शेजारी म्हणाला. "लेक बापाचाच अर्थ खोडायली."

अख्खं देऊळ हसलं. मी म्हणालो, "लेकराला काय कळतंय? म्हैस राहिली म्हंजे राहिली."

तिनं पुस्तक मिटलं. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हाला पुस्तकातलं ऐकायचंच न्हाई. मग मी कशाला वाचू?" आणि सकाळी पुस्तक गुरुजींना परत देऊन आली.

तिची आई भाकरी थापता थापता बोलली, "पेटी उघडायला भांडलात तुम्हीच. आता पोरीचं वाचणं बंद पाडणार बी तुम्हीच."

माफी मी कुणाची मागत नसतो. शाळेत गेलो, तेच पुस्तक आणलं आणि संध्याकाळी देवळात तिच्यापुढं ठेवलं. "वाच. अर्थबी तूच सांग. मी मधी बोलत न्हाई."

"खरंच?"

"वाच म्हणलं ना."

तिनं वाचलं. तोंड दाबून बसणं मला विहीर खणण्यापेक्षा जड गेलं. पोरगं म्हैस सोडून येतं, पण दर बाजाराच्या दिवशी तिला बघायला घेणाऱ्याच्या दावणीशी जातं, असा शेवट होता. पोरगी म्हणाली, "म्हंजे बापाचा शब्द बी राहिला, अन् म्हशीची माया बी तुटली न्हाई."

कोणी हसलं नाही. शेजारी पुढं सरकला. "कुठं लिवलंय? दाखव." तिनं ओळीखाली बोट धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसला.

अर्थ सांगायला मिळतो म्हटल्यावर गावातली बाकीची पोरंही बैठकीला यायला लागली. सांगायचं तर आधी घरी वाचावं लागायचं, म्हणून पेटीतली पुस्तकं घरोघर गेली. गुरुजींनीही वर्गात तेच धरलं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं सांगायचं. नुसतं 'वाच, वाच' म्हणून लेकरू वाचत नसतं. काय कळलं ते त्याला विचारावं लागतं आणि ते सांगतंय तोवर आपण गप्प बसावं लागतं. यातलं दुसरं लई अवघड.

म्हैस राहायलाच पाहिजे होती, हे माझं मत आजही तेच आहे. ते मी पोरीला तेव्हाही ऐकवायचो. पण बैठकीत कुठल्याही गोष्टीवरून म्हाताऱ्यांची जुंपली की ती म्हणायची, "थांबा, बघते," आणि पानं उलटायला लागायची. तोवर आम्ही सगळे, मी धरून, थांबायचो.