शेवटचा राक्षस आणि थोरल्यांचा खोकला

थोरले आणि धाकटे हे सख्खे साडू. दोघी बहिणींचे नवरे, काचेच्या एकाच दुकानात कामाला, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी अबोला धरून बसलेले. कारण ऐकलं की भलीभली माणसं कपाळाला हात लावत. कारण होतं एक राक्षस.

लग्नाआधी दोघं दुकानातल्या जुन्या संगणकावर गोळीबाराचा एक गेम खेळायचे. कीबोर्ड एक, माणसं दोन. म्हणून थोरल्यांनी चालायचं आणि धाकट्यांनी गोळ्या झाडायच्या. सगळी भुयारं पार करून ते शेवटच्या राक्षसासमोर उभे ठाकले आणि ऐन वेळी धाकट्यांनी गोळीबार थांबवला. का थांबवला हे विचारायचं सोडून थोरले म्हणाले, "तुझ्या हाताला लकवा मारला होता का?" तिथेच बिनसलं.

काम मात्र अडलं नाही. मोठी काच दोघांनीच न्यावी लागते, आणि रस्त्यात ओरडलं की लोक दचकून नेमके काचेपुढे येतात. म्हणून मालकाने पहिल्या दिवसापासून दोघांना खोकला शिकवला होता. खोकलं की थांबायचं, घसा खाकरला की वळायचं. एवढ्या भाषेवर त्यांनी अर्ध्या शहराच्या खिडक्या बसवल्या. फक्त दुपारी पाठीला पाठ लावून डबा खाताना थोरल्यांना घास गोड लागत नसे. पण आधी धाकट्याने चूक कबूल करावी, मग बोलू, हा त्यांचा हट्ट.

मग तोच गेम नव्या रूपात आला. थोरल्यांच्या मुलीने तो आणून टीव्हीला जोडला आणि मावशीला फोन केला. "काकांना पाठव. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे." धाकटे आले, चपला काढल्या आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यासारखे बसले.

थोरल्यांना गेम पहिल्या दर्शनातच पटला नाही. "पूर्वी राक्षस म्हणजे आठ-दहा लाल चौकोन असायचे, तेवढ्यावर आम्ही घाबरायचो," ते मुलीला म्हणाले. "याच्या तर नाकातले केस दिसतायत. घाबरू, की कात्री आणून देऊ?" पूर्वी तोंडातून ब्र न काढणारा नायक आता दारागणिक टोमणे मारत होता. जखमी झाला तर कोपऱ्यात बसून आपोआप बरा होत होता. भिंती चाचपून वाट शोधायची सोयच उरली नव्हती. एक पिवळा बाण बोट धरून नेत होता. तेवढ्यात एक खिडकी फुटली आणि दोघंही पुढे झुकले.

"ही टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच. फुटली की हिचे दाणे व्हायला हवेत. सुऱ्यांसारखे तुकडे कसे पडले?" थोरले म्हणाले.

धाकट्यांची मान आपोआप हलली.

कंट्रोलर एकच होता. चालायचं डावीकडून, गोळी उजवीकडून. दोघांनी तो दोन टोकांना धरला, काच धरतात तसाच. वळणावर थोरले घसा खाकरत, धाकटे नेम वळवत. मुलगी हसू दाबत बसली होती. अखेर शेवटचा राक्षस समोर आला, मार खाऊन अर्धमेला झाला, आणि चहाचा घोट चुकीच्या वाटेने गेल्यामुळे थोरल्यांना खोकला आला.

धाकट्यांचं बोट थांबलं. राक्षसाने दोघांना पायाखाली घेतलं.

"थांबलास का?" थोरल्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला.

"तुम्ही खोकलात."

"ठसका लागला रे."

"तेव्हाही खोकला होतात," धाकटे म्हणाले. "मला वाटलं, पुढे काहीतरी आडवं आलंय."

जुना गेम हरले त्या हिवाळ्यात आपल्याला सर्दी झाली होती, हे थोरल्यांना स्वच्छ आठवलं. ज्या चुकीची कबुली ते मागत बसले होते, ती त्यांच्याच घशात अडकलेली निघाली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं एक मोठा आरसा पोचवायला निघाले. पुढे थोरले, मागे धाकटे. बोलायचं इतकं साठलं होतं की दुकानाच्या दारातच दोघांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कोपऱ्यावर अचानक हातगाडी आडवी आली. थोरले जागच्या जागी थांबले आणि मोठ्याने खोकले.

"ठसका लागला का, दादा? पाणी पिता?" धाकट्यांनी मायेने विचारलं, आणि न थांबता पुढचं पाऊल टाकलं.