दारातली खुर्ची

माझा धाकटा दीर गेला, त्याच्या चौथ्या दिवशी मी जावेच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले आणि भेटायला येणाऱ्यांना परत पाठवायला लागले. लोहाऱ्यात त्यावरून माझं नाव जे खराब झालं ते अजून सुधारलेलं नाही. सुधारावं अशी माझी इच्छाही नाही.

मी मायाळू बाई आहे असा समज व्हायला नको म्हणून आधीच सांगते. जाऊ आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. दोन घरांत एक भिंत, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून झालेलं भांडण. दिराला छातीत कळ आली, जीपमध्ये घालून नेताना तो रस्त्यातच गेला. तेव्हाही मी बायकांच्या घोळक्यात बसून रडले आणि भिंतीच्या माझ्या बाजूला परत आले. तिच्याजवळ गेले नाही.

पण भिंत पातळ. आमच्याकडे मातीला ज्यांना पोचता येत नाही ते नंतर भेटायला येतात. बायका गल्लीच्या कोपऱ्यापासूनच तोंडाला पदर लावून हेल काढतात. तो आवाज आला की घरातल्या बाईनं असेल तिथून उठायचं, गळ्यात पडायचं आणि पहिल्यापासून रडायचं, मग घास तोंडात का असेना. थोड्या वेळानं पाहुणी डोळे पुसते, चहा पिते आणि विचारते, "कसं काय झालं म्हणं?" की ही पुन्हा छातीतल्या कळेपासून सुरू. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "सोलापूरला न्यायचं हुतं की लवकर." मेलेल्या माणसावर इलाज सुचवणारे आमच्या नात्यात भरपूर आहेत.

जावेला साखर. दोन्ही वेळेला इन्सुलिनची सुई. सुई घेतली की थोड्या वेळात जेवलंच पाहिजे. तिसऱ्या दिवशी ती सुई घेऊन ताटावर बसली आणि दारात जीपभर बायका उतरल्या. ती उठली. त्या गेल्या, दुसऱ्या आल्या. तिसऱ्या घोळक्याच्या गळ्यात पडता पडता ती कोसळली, घामानं भिजलेली, डोळे फिरलेले. बायका म्हणाल्या, "दुःख झेपंना बिचारीला." दुःख कसलं, उपाशी होती ती. तिच्या लेकीनं तोंडात साखर कोंबली म्हणून वाचली. पुन्हा असं झालं तर उठेल याचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेही मी भिंतीपलीकडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची उचलली.

"आता न्हाय. ती जेवतीया. चारनंतर या."

मयताच्या घरी कुणाला 'या' म्हणत नाहीत. भेटायला आलेलेही 'येते' म्हणत नाहीत, मुकाट उठून जातात. ही रीत मला ठाऊक होती. मी मुद्दाम म्हणायचे. एक चुलत नणंद कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मयताच्या घरी टाइमटेबल लावलाव व्हय?"

"लावलंय. तुमच्या घरी येळ आली की तुमी बी लावा."

ती तिथूनच शिव्या देत गेली. मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या चार दिवसांत मला इतकं बरं वाटत होतं की त्याची लाज वाटायला हवी होती. स्वयंपाक मी करायचे, ताट पुतणीच्या हातानं आत जायचं आणि मी दारात बसून अख्ख्या भावकीशी भांडायचे. पुतणी म्हणायची, "मोठी आई, आई दोनच घास खाती." मी म्हणायचे, खाईल हळूहळू, दार तर मोकळं आहे ना.

सातव्या दिवशी दुपारी एक म्हातारी आली. रडत नव्हती, हेल नाही, काही नाही. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मराठी कानडी वळणाची. "लांबून आलो. पोरीला बघून जातो."

"सगळे बघूनच जातेत. ती जेवतीया. चारनंतर."

"जेवतीया?" म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "बरं. बरं." तीनची गाडी चुकेल म्हणाली, गाठोडं माझ्या हातात दिलं आणि गेली.

मी गाठोडं पुतणीकडं दिलं. क्षणात आतून ताट सरकवल्याचा आवाज आला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि फडक्याची ती गाठ बघूनच जावेनं ओळखलं होतं. पुतणीनं बाहेर येऊन सांगितलं: कर्नाटकात आळंदच्या बाजूला राहणारी तिच्या आईची मावशी. आईमागं हिला वाढवलेली, एकटी म्हातारी, फोन नाही, निरोप उशिरा पोचलेला. मी तिला एकदाच पाहिलं होतं, हिच्या लग्नात. सात दिवस ही जिची वाट बघत होती, नेमकी तिलाच मी हाकललं होतं. सुई घेऊन झाली होती आणि आता ही जेवणार नव्हती.

पुतणीला म्हटलं, साखरेचा डबा जवळ ठेव. आणि स्टँडकडं पळाले. या वयात, अर्ध्या गावानं बघितलं. म्हातारी बाकावर बसली होती. मला बघून पहिला प्रश्न, "जेवली?"

"न्हाय."

ती उठली आणि माझ्या पुढं चालायला लागली.

आत जाऊन ती हिच्यासमोर बसली. रडली नाही. कसं झालं विचारलं नाही. आमटीत भाकरी कुस्करली आणि घास हिच्या तोंडापुढं धरला. जाऊ जेवली. अख्खी भाकरी, मग आणखी अर्धी. मी दाराला टेकून उभी होते. हात धुताना ती माझ्याकडं न बघता बोलली, सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आक्का, चार दिस दारात बसलाव. येकदा आत येऊन म्होरं बसला असताव तर जेवले असते मी."

मला असा राग आला. हिच्यासाठी मी सगळ्या नात्याच्या शिव्या खाल्ल्या आणि ही मलाच सुनावते. रात्रभर राग गेला नाही, कारण ती खरं बोलली होती. ज्यांना मी हाकललं त्या बायकांनी निदान तिला मिठी तरी मारली होती. मला तिच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं, म्हणून मी खुर्चीवर बसले होते.

दुसऱ्या दिवशी पुतणी ताट न्यायला आली. मी दिलं नाही. स्वतः घेऊन गेले, जावेच्या समोर मांडी घातली आणि काय बोलावं ते सुचेना, तेव्हा टाकीचा विषय काढला. ती चिडली. मीही चिडले. घासागणिक ती मला उत्तर देत होती आणि मी तिला भाकरी वाढत होते. दारात कुणी नव्हतं. भेटायला आलेल्या दोघी-तिघी आमचा आवाज ऐकून गल्लीच्या कोपऱ्यावरूनच परत गेल्या, असं पुतणीनं नंतर सांगितलं. ताटात काही उरलं नव्हतं.