बोरटेकच्या लग्नांची फिल्लम

शाहीन अचलपूरची. लग्न होऊन ती मूर्तिजापुरात आली छोट्या गाडीनं, शकुंतलेनं. त्या दिवशी इंजिन मधेच बसलं आणि पाव्हणे दुपारऐवजी दिवेलागणीला उतरले. नवरदेव शफी स्वतः लग्नांची शूटिंग करणारा, पण त्याच्याच वरातीची कॅसेट अंधारात गेली. शाहीन पुढं हसून सांगायची, "माझ्या वरातीत कोण होतं, थे आवाजावरून ओळखा लागते."

स्टेशन रोडला शफीचं छोटंसं दुकान होतं. शूटिंग तो मनापासून करायचा, पण टेप एडिटिंगला अकोल्याला द्याव्या लागत आणि तिथं त्या महिनोन्‌महिने पडून राहत. नवरीला मूल व्हायची वेळ यायची तरी लग्नाची सीडी हातात नसायची. लोक दुकानात येऊन ओरडायचे. मागच्या खोलीत चहा करता करता शाहीन ते ऐकायची. एक दिवस ती म्हणाली, "आपणच काहून नाई करत एडिटिंग?"

"कोण करंल? मले तर माऊस धरता येत नाई."

"मी करतो ना," शाहीन म्हणाली.

घरातलं त्यांचं बोलणं उर्दूत, पण कामाचं बोलणं निघालं की दोघं वऱ्हाडीवर यायचे, आणि वऱ्हाडीत बाईही 'मी करतो'च म्हणते. कॉम्प्युटर आला. तो जुळवून देणारा अकोल्याचा नईम एक दुपार थांबला आणि टेप आत कशी घ्यायची, कापायची कशी, जोडायची कशी, एवढं शिकवून गेला. बाकीचं शाहीन चुकत चुकत शिकली. सासू खुर्शीदबी शेजारी पलंगावर बसून सगळी लग्नं पाहायची आणि हुकूम सोडायची, "ही बाई कधीची जेवून राहिली! काप तिले." जेवणाऱ्याचं तोंड फार वेळ दाखवायचं नाही, हा शाहीनच्या एडिटिंगचा पहिला नियम झाला. तो खुर्शीदबीचाच.

दोन हजार सातचं साल. कापसानं ओळीनं दगा दिलेली ती वर्षं. लग्नं आटोपशीर होऊ लागली होती आणि शूटिंगचा खर्च लोक सगळ्यात आधी कापत होते. अशात उन्हाळ्याच्या सुरुवातीला बोरटेकचे नत्थुजी दुकानात आले. बोरटेक हे तिथून जवळचंच खेडं, नत्थुजी तिथले माजी सरपंच.

"शफीभाऊ, गावातल्या पोरींचे लग्न आमी एकाच मांडवात लावून राहिलो," ते म्हणाले. "शूटिंग पाह्यजे. चांगली पाह्यजे." मग म्हणाले, "आमच्या गावात आतापावतर कॅमेरा आला थो टीव्हीवाल्यायचा. कोणाच्या घरी मयत झाली का येत. पोट्टे कॅमेरा पाह्यला का घरात पयतात. मले म्हनायचं का, एकदा हसणाऱ्या मानसायवर बी कॅमेरा फिरू द्या."

शाहीन मागच्या खोलीतून बाहेर आली. "काका, वेगळ्या वेगळ्या सीडी नाई करत मी. सगळ्या गावाची एक फिल्लम करतो. चौकात लावा."

"कधी भेटंल?"

"धोंड्याच्या महिन्यात जावई येतीन ना? तवा."

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. लेकी-जावई जेवायला गावात येणार, त्या संध्याकाळी फिल्लम दाखवायची, असं ठरलं.

लग्नं छान झाली. शफीनं भर उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून शूटिंग केली. मांडवात आरती नावाची एक नवरी शाहीनजवळ आली. तिची आई सुंदराबाई दोन पावसाळ्यांआधी तापानं गेली होती. आईचा एकच फोटो होता, बचत गटाच्या बायकांत मागं उभी असलेला. त्यातून आईचा चेहरा तेवढा काढून अकोल्याच्या एका स्टुडिओतून मोठा करून आणला होता. त्या फोटोची फ्रेम आणि तोच फोटो भरलेली सीडी, असं दोन्ही तिनं शाहीनच्या हातात दिलं.

"वैनी, सगळ्यायच्या आया दिसतीन. माही बी दिसली पाह्यजे."

"दिसन," शाहीन म्हणाली.

फिल्लम हळूहळू उभी राहिली. आरतीच्या हळदीनंतर पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग सुंदराबाईचा चेहरा यायचा आणि संथपणे जवळ जवळ येत जायचा. ते पाहताना खुर्शीदबीनं पहिल्यांदाच काही कापायला सांगितलं नाही.

आता राहिलं होतं रेंडर. म्हणजे सगळे तुकडे, गाणी, नावं एकजीव करून त्यांची एकच सलग फिल्लम बनवायची. हे काम कॉम्प्युटर एकटा करतो. माणसानं फक्त पडद्यावरची निळी पट्टी पुढं सरकताना पाहत बसायचं. शाहीननं बटन दाबलं. पट्टी निम्म्याच्या पुढं गेली, थबकली, आणि एक इंग्रजी चौकट उघडून सगळं बंद पडलं. चौकटीत एवढंच, की काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं, ते नाही.

तिला वाटलं, लोडशेडिंगचा प्रताप. वीज येऊन स्थिर होईस्तोवर थांबून तिनं पुन्हा लावलं. पुन्हा बंद. मग वाटलं, गरमी. मे महिन्यातलं मूर्तिजापूर. भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. तिनं कॉम्प्युटरचा पत्रा काढला, धूळ झटकली आणि घरातला एकुलता एक कूलर खुर्शीदबीच्या पलंगाकडून वळवून त्याच्यापुढं ठेवला.

"आता कॉम्प्युटर माझ्यापेक्षा मोठा झाला वाटते," खुर्शीदबी म्हणाली, पण तिनं कूलर परत मागितला नाही.

तरी रेंडर बंद पडलं. जागा कमी पडत असेल म्हणून जुनी लग्नं पुसून टाकली. तरी तेच. अकोल्याच्या एका दुसऱ्या दुकानदारानं सांगितलं, सगळं पुसून नव्यानं भरा. म्हणजे कापलेली-जोडलेली सगळी फिल्लम जायची. शाहीननं फोन ठेवला आणि ओढणीनं तोंड पुसलं. शफीला वाटलं घाम पुसते आहे. ती रडत होती.

लेकी-जावई बोरटेकात यायचा दिवस उजाडला तरी फिल्लम तयार नव्हती.

सकाळी चहा पिताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. पट्टी दर वेळी एकाच ठिकाणी थांबत होती. गरमीनं थांबली असती तर कधी अलीकडं, कधी पलीकडं थांबली असती. म्हणजे कॉम्प्युटर दमत नव्हता. त्याच्या वाटेत काहीतरी आडवं पडलं होतं.

तिनं फिल्लमचे दोन भाग केले. पहिला भाग सुरळीत झाला. दुसरा अडला. मग दुसऱ्याचे दोन केले, त्यातल्या अडणाऱ्याचे पुन्हा दोन. गव्हातला खडा शोधताना बाई सूप हलवत हलवत ढीग लहान करत आणते, तसं ती करत गेली. शेवटी एकच तुकडा उरला. काळा पडदा, आणि सुंदराबाईचा चेहरा.

तिनं तो फोटो काढून रेंडर लावलं. निळी पट्टी जिथं अडायची तिथून सरळ पुढं निघाली.

शफीनं टाळी वाजवली. "झालं! राहू दे मंग तसंच. एक फोटोच तं हाय."

शाहीननं रेंडर थांबवलं.

"काहून थांबवलं?"

"त्या पोरीले मी जबान दिली."

तिनं फोटो पडद्यावर लहान करून पाहिला. तरी अडलं. मग तिनं नईमला फोन लावला. तो हसला नाही की घाई केली नाही. सगळं ऐकून म्हणाला, "वैनी, स्टुडिओवाल्यानं भिंतीवर लावायच्या मापाचा फोटो दिला असंल. तुमी पडद्यावर लहान केला, पण फाईल तेवढीच जड हाय. तिले हलवता हलवता कॉम्प्युटरची ताकद सरते. फाईलच लहान करा लागन. या घेऊन, मी करून देतो."

अकोल्याला जाऊन यायला वेळ नव्हता. शाहीन खुर्चीत बसून राहिली. समोर कॉम्प्युटर, कोपऱ्यात तिपाईवर शफीचा कॅमेरा, भिंतीला टेकवलेली सुंदराबाईची फ्रेम. नईमचं बोलणं तिच्या डोक्यात घोळत होतं. फाईल लहान पाहिजे. केवढी? टीव्हीएवढी. आणि टीव्हीएवढंच चित्र काढणारं यंत्र तर घरात उभं होतं. लग्नाचे ढीगभर तुकडे त्याच्यातूनच आले होते आणि एकही अडला नव्हता.

"सुनता का," ती उठलीच. "कॉम्प्युटरमधला फोटो नकोच. तुमी या फ्रेमची शूटिंग करा."

"फोटोची शूटिंग?"

"नवरीची करता तशी. दुरून हळूहळू जवळ या. हात हलू देऊ नका."

शफीला उमगलं आणि तो कामालाच लागला. फ्रेम अंगणात भिंतीला टेकवली. काचेवर ऊन चमकत होतं, म्हणून खुर्शीदबी स्वतः चादर धरून सावली करून उभी राहिली. शफीनं श्वास रोखून कॅमेरा फिरवला. सुंदराबाई टेपवर आली. शाहीननं ती कॉम्प्युटरमध्ये घेतली, काळ्या पडद्यानंतर जोडली आणि बटन दाबलं.

तिघंही पडद्याकडं पाहत होती. पट्टी नेहमीच्या जागेला आली. खुर्शीदबीचे ओठ हलत होते. पट्टी ती जागा ओलांडून गेली आणि जातच राहिली.

"गेली!" शफी ओरडला. "शाहीन, गेली ना वं!"

शाहीन इतक्या मोठ्यानं हसली की शेजारीण डोकवायला आली.

दिवस कलताना डीव्हीडी घेऊन दोघं मोटारसायकलनं बोरटेकात पोचले. चौकात टीव्ही मांडला होता, जनरेटर धडधडत होता. फिल्लम सुरू झाली तसा गोंगाट उसळला. स्वतःला पाहून म्हातारे तोंडावर हात ठेवायचे, पोरं टीव्हीला जाऊन बोटं लावायची, आणि नवे जावई आपला चेहरा आला की मान खाली घालायचे. आरतीची हळद झाली. पडदा काळा झाला. मग सुंदराबाई आली, हळूहळू जवळ आली आणि सगळ्या गावाकडं पाहून हसली.

आरती उठून उभी राहिली. तिचा बाप डोमाजी मागच्या रांगेत होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बायकांतून कोणीतरी म्हणालं, "सुंदरा आली वं लग्नाले." आणि मग रडणं नाही, टाळ्या झाल्या. जनरेटरचा आवाज बुडेल एवढ्या टाळ्या.

फिल्लम संपली तर कोणी उठेना. नत्थुजींनी पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या खेपेला लोकांना पुढचं पाठ झालं होतं, ते आधीच ओरडायचे, "आता पाय, आता तुहा मामा पडते!" आरतीनं शाहीनचा हात धरून तिला जावयांच्या पंगतीत बसवलं आणि ताटात धोंडे वाढले, वर तुपाची धार.

"पोटभर खा वैनी. आज तुमीच जावई."

पुढच्या वर्षी आसपासच्या गावांनीही एका मांडवात लग्नं लावली आणि शफी-शाहीनला आधीच सांगून ठेवलं. कोणाचं रेंडर अडलं की अकोल्याचा नईम त्याला सांगायचा, "वैनीले विचारा." दुकानाच्या जुन्या पाटीचा रंग उन्हानं उडाला होता. शफीनं नवी रंगवून घेतली. नाव कोणाचं टाकायचं, हे त्यानं कोणालाच विचारलं नाही. शाहीन बाहेर येऊन पाहते तो रंगारी शेवटचं अक्षर भरत होता: शाहीन व्हिडिओ.