मांजरीला घेऊन पाहिलेली स्थळं

लेक पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी पळायला जायची आणि वाटेत मोकाट कुत्री मागे लागायची. सोबतीला आपलंच एक कुत्रं हवं, असं तिनं आणि तिच्या बाबांनी ठरवून टाकलं. दोघांच्याही पायांना भिंगरी. ती पळते, हे सायकल हाणतात. मी एकच अट घातली: कुत्रं येऊ दे, पण त्याच्यापायी माझी मांजर घर सोडणार नाही. लहानपणी माहेरच्या शिकारी कुत्र्यानं माझं मांजराचं पिल्लू माझ्यासमोर फाडलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून मी मांजरीलाच टोपलीत घालून सोबत घेतलं. मुलगी बघायला जातात तसं कुत्रं बघायला निघालो.

"कांदेपोहे मिळणार का?" नवऱ्यानं विचारलं.

"स्थळ पसंत पडलं तर," मी म्हटलं.

केडगावात ओळखीच्या शेतकऱ्याकडे कारवान जातीचा शिकारी कुत्रा होता. लांब पाय, बारीक कंबर. लेक बघताक्षणी भाळली. मी टोपलीचं झाकण जरासं उचललं, तसा तो जागच्या जागी ताठ झाला. डोळा हलेना. मालक कौतुकानं म्हणाला, "ससा दिसला की सोडत न्हाई बगा." मी झाकण लावलं आणि चहा न घेताच उठले. परतताना लेक सारखी मागं वळून बघत होती.

भिंगारच्या माझ्या मावसभावानं फौजेत कुत्री सांभाळली आहेत. तो म्हणाला, "ताई, जात बघच, पण ते कुणात वाढलंय ते आधी बघ." त्यानंच एका धनगराच्या वाड्याचा पत्ता दिला. तिथल्या तरण्या कुत्रीची जात विचारली, तर धनगर म्हणाला, "मेंढरावरची हाय. कोकरांत वाढलीय, आनखी काय सांगू?" मांजरीनं टोपलीतूनच तिच्या नाकावर पंजा मारला. कुत्रीनं तोंड फिरवलं आणि खाली बसली. मी तिथंच स्थळ पसंत केलं आणि कुत्रीला सोबत आणलं.

पण घरी आल्यावर मांजर माळ्यावर चढली, ती तीन दिवस उतरलीच नाही. वर ठेवलेलं दूधही तसंच राहिलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी मी सांगितलं, उद्या कुत्री परत पोचवायची. लेक वाद घालेल असं वाटलं होतं. तिनं कुत्रीचं भांडं धुऊन पिशवीत भरलं. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

सकाळी लेक आणि कुत्री शेवटचं पळून आल्या, तेव्हा मांजर खाली येऊन उंबऱ्यावर अंग चाटत बसली होती. कुत्री पायरीवरच थांबली. जीभ बाहेर, धापा टाकतेय, पण तिनं मांजरीला ओलांडलं नाही. मांजरीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पंजा चाटायला घेतला.

बाजूनं आत जाऊन लेकीनं पिशवी उचलली. "आई, निघायचं?"

मी पिशवीतून भांडं काढलं, पाण्यानं भरलं आणि पायरीवर नेऊन ठेवलं.